बरणीतला श्वास

आमच्या अकोल्याच्या कॉलेजातले वानखडे सर मातीच्या बरणीला कान लावून बसत. आत ऐकू येण्यासारखं काहीच नसे. पण मातीतले जिवाणू या माणसाला शेजाऱ्यापाजाऱ्यांइतके जवळचे. बंद बरणीत माती आणि वाटीभर अल्कलीचं पाणी ठेवायचं. जिवाणूंनी सोडलेला वायू ते पाणी शोषून घेई आणि त्यावरून मातीचा श्वास मोजता येई. मी त्यांची विद्यार्थिनी, हाताने उतावळी. "पोरी, माती पाह्यतानी घाई नोको करू," हे त्यांचं पालुपद.

घाई त्यांनीच केली. बाळापूरजवळच्या शांताबाई माळी मेथी-पालक पिकवायच्या. शेताला लागून कीटकनाशकांचं जुनं गोदाम पडलं होतं, म्हणून पेरणीआधी त्या माती घेऊन आल्या. श्वास दणदणीत निघाला आणि सर खूश झाले. "जमीन जित्ती हाये, माय. पेरा बिनधास्त."

मेथी पिवळी पडली. मोठ्या प्रयोगशाळेत माती पाठवली तर आर्सेनिक निघालं. मग सरांनी जिवाणूंची संख्या मोजली, जी आधीच मोजायला हवी होती. थोडेच उरले होते आणि तेवढेच एवढा श्वास सोडत होते. आर्सेनिक त्यांच्या शरीरात फॉस्फेटच्या, म्हणजे त्यांच्या अन्नाच्याच, वाटेने शिरतं. ते बाहेर काढण्यातच त्यांचं खाल्लेलं जळतं, वाढायला काही उरत नाही. "ही धाप व्हती," सर म्हणाले. "मले तब्येत वाटली."

मी फोन करू म्हटलं तर सर ऐकेनात. एसटीने गेलो. बांधावर उभं राहून त्यांनी स्वतःची चूक सरळ सांगितली. शांताबाईंच्या घरच्यांनी ती मेथी खाल्ली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग आता काय पेरू, सर?" सर खाली बसले आणि त्यांच्यासोबत मेथी उपटू लागले. मला त्यांचा रागही आला आणि रडूही.

गेल्या वर्षी सरांची फुप्फुसं थकली. अमरावतीला त्यांच्या लेकीकडे मी भेटायला गेले तेव्हा त्यांची छाती भराभर हलत होती. काहीतरी बरं बोलायचं म्हणून मी म्हटलं, श्वास चांगला चाललाय. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "धाप हाये, पोरी. नीट पाह्य."

ते गेल्याचं सांगायला मी बाळापूरला गेले. शेत पडीकच होतं. शांताबाईंनी डोळे पुसले, पाणी दिलं आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, "जातानी सरायनं काई सांगतलं का, काय पेरू ते?"