अंकुशकाकांच्या छपराखालचा फोटो

सोमवारी अंकुशकाका कायमचे राजापूरला जाणार, व्हिसा खलास. त्यामुळे रविवारी पूल बघायला निघायचंच ठरलं. काका माझे सख्खे नाहीत, दुबईतल्या आमच्या कामगार कॅम्पच्या खोलीतले. वरचा पलंग माझा, खालचा त्यांचा. फुजैराकडच्या डोंगरात एका कोरड्या ओढ्यावर छपराचा जुना पूल होता. पुरात गेला, मग होता तसाच पुन्हा बांधला. त्या छपराच्या सुतारकामात काका होते. साइटवर मोबाईल नेऊ देत नसत, म्हणून छपराखालचा त्यांचा एकही फोटो नाही. नवरा परदेशात नेमकं करतो काय, हे काकूने कधी पाहिलेलंच नाही. तिच्यासाठी एक फोटो हवा होता, बस.

जबल अलीहून गाडी मित्राची, पेट्रोल माझं. ऐंशी दिरहम, म्हणजे आपले एकोणीसशेच्या आसपास. निघायचं तर पहाटेच निघा, नंतर डोंगर भट्टीसारखे तापतात. वाटेत बाजार लागतो: गालिचे, कुंड्या, भाजलेली कणसं. मी गालिच्यांत घुसलो तो घुसलोच.

"मेल्या, घर तरी आहे काय तुला गालिचा टाकायला? चल!" काका ओरडले. इस्त्रीचा शर्ट चुरगळेल म्हणून ते सीटला टेकतसुद्धा नव्हते.

पुलाच्या गेटवर पाकिस्तानी गार्ड. "फॅमिली?"

"हम दोनोंच."

"संडे को सिर्फ फॅमिली, चाचा. बॅचलर अलाउड नहीं." इकडे बायकापोरं सोबत नसलेला प्रत्येक पुरुष बॅचलरच.

"अरे, मेरा नातू शाळा में जाता है, मैं कायका बॅचलर?" काका हसले. "वो ऊपर का लकडी मैंने बिठाया है."

गार्डलाही हसू आलं. "ऑर्डर है, चाचा. कल आ जाओ."

उद्या काकांचं विमान. आणि आमच्यासारख्यांना सुट्टी मिळते तीच मुळी रविवारी.

मागून अबुधाबीचं एक मराठी कुटुंब आलं. ताईंनी सगळं ऐकलं होतं. "आमचे काका म्हणून चला ना," म्हणाल्या. त्यांचा मुलगा लगेच, "मम्मा, बट वी डोन्ट नो देम." गार्ड म्हणाला, यांच्याबरोबर तुमच्यातला एकच जाईल.

मी काकांना पुढे ढकललं. ते हलेनात. "माझ्याच छपराखाली दुसऱ्याचा कोणीतरी होऊन नाय जायचं मला. तू जा. यल्ला!"

पूल सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. खजुराच्या खोडांच्या तुळया, वर झावळ्यांच्या चटया, पायांवर उन्हाचे बारीक पट्टे. मला काहीच गोड लागेना. मी नुसते फोटो काढत सुटलो. गेटच्या आत आडवी भिंत आहे. काका उभे होते तिथून छप्पर दिसतही नव्हतं.

तिकीट नाही, पार्किंग फुकट. फॅमिली असेल तर रविवारी खुशाल जा. नसेल तर पगार कापून घेऊन मधल्या वारी जा.

आता खालच्या पलंगावर नवा माणूस आलाय. परवा काकूचा व्हिडिओ कॉल आला.

"फोटो छान आलेत रे. पण ह्यांत हे कुठेच कसे नाहीत?"

मी काही बोलायच्या आत मागून काकांचा आवाज आला, "कसा असेन? फोटो मीच काढले ना."

मी म्हटलं, "हो काकू. त्यांनीच काढले."