दोन मिनिटं
आमच्या वसाहतीत फाटकापासून इमारतीपर्यंत आठशे मीटरचा रस्ता आहे. काल माझ्या कारपुढे म्हाताऱ्या माणसांची ने-आण करणारी बॅटरीची गाडी संथ चालली होती. मी हॉर्न वाजवला. चालक महादूने हात बाहेर काढून थांबायची खूण केली. ती दिसूनही मी उजवीकडून पुढे गेलो. समोर तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक करकचून लागला, तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती.

"हात काय हवा खायला बाहेर काढतो का, साहेब?" महादू म्हणाला.

आजी म्हणाल्या, "तू जा बाबा आधी. मला कुठेच घाई नाही."

संथ गाडीच्या पुढे काय आहे, हे मागच्याला दिसत नसतं. थांबलो असतो, तर दोन मिनिटं उशीर झाला असता. घरी येऊन अर्धा तास सुन्न बसलो. त्या दोन मिनिटांत काय करायचं होतं, ते आठवेना.