हॅझर्डवाले सर

समस्त वाहनधारकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, 'हॅझर्ड' या इंग्रजी शब्दाचा खरा अर्थ अख्ख्या बीड जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि मी त्यांचा भाडेकरू आहे.

आमचे घरमालक म्हणजे इंग्रजीचे निवृत्त सर. चौकातून सरळ जायचं म्हणून कुणी गाडीचे चारही 'हॅझर्ड' दिवे लुकलुकवत निघाला, की सरांच्या जिवाची काहिली होते. मांजरसुंब्याला एकदा त्यांनी माणसांनी भरलेली जीपच अडवली. "अहो, हे दिवे धोक्याचे! हॅझर्ड म्हणजे मुळात फासे. शब्द अरबांचा असं म्हणतात. फ्रेंचांनी त्याचा जुगार केला आणि इंग्रजांनी संकट. तुम्हाला साधं सरळ जायचंय ना?" ड्रायव्हर म्हणाला, "सरळच चाललो होतो सर, तुमी कावून आडवं आलं?" सर खूश! शंका विचारणारा विद्यार्थी त्यांना फार दिवसांनी भेटला होता.

मागच्या महिन्यात पुण्याहून सरांचा मुलगा आला, तो गाडीची चावी काढून घ्यायलाच. सत्तरीच्या माणसानं गाडी चालवू नये, असं त्याचं म्हणणं. शेवटी ठरलं, कपिलधारला जाऊन यायचं. एक जरी चूक झाली तर चावी मुलाकडे. पंच म्हणून मी मागच्या सीटवर.

घाट चढताना पुढे एक पिकअप, चारही दिवे चालू. "घ्या पुढे, सरळ चाललाय तो," मुलगा म्हणाला. "धोका म्हणतोय तो," असं म्हणत सरांनी गाडी लांबच थांबवली. तेवढ्यात पिकअप मागे घरंगळू लागला. सरांनी शांतपणे गाडी कडेला घेतली. पिकअप आमच्या शेजारून घसरत जाऊन दरडीला टेकला.

सर लगबगीनं गेले आणि त्यांनी ड्रायव्हरचा हात हातात घेतला. "शाब्बास! या दिव्यांचा अर्थ जाणणारा तू पहिलाच!"

"न्हाई हो," तो म्हणाला, "सरळ जायचं होतं म्हनून लावलते. ब्रेक तर दिवे लावल्यावर गेला."

सरांचा चेहरा उतरला. गाडीपाशी येऊन त्यांनी चावी मुलापुढे धरली. "घे. मी काही ओळखलं नव्हतं रे. नुसता फासा बरा पडला."

जिंकलेला डाव असा परत करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मुलानं एकदा चावीकडे पाहिलं, एकदा वरच्या वळणाकडे, आणि पुण्याची सगळी शुद्ध भाषा विसरून तो ओरडला, "तुमीच चालवा, बाबा! मला लई भ्या वाटतंय!"