एकाचे नऊ

पाणीखात्यातला मुरुगेसन शाळेच्या फाटकाशी आला तेव्हा मी सहावीच्या वर्गात गणित शिकवत होते. चपला हातात घेऊन उभा होता; का, ते त्यालाही माहीत नसावं. "टीचर, अय्या पोयिट्टार," म्हणाला. अय्या गेले… अय्या म्हणजे माझे गोविंदमामा. त्याला सहा आठवडे झाले. पाऊस अजून नाही.

मामा तंजावूरच्या पाणीखात्यात फिटर होते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह तीस वर्षं त्यांच्या हातात. ते फिरवायची कमरेइतकी उंच लोखंडी चावी आमच्याच दारामागे उभी असे, कारण मामा आमच्याकडे राहायचे. त्यांचं लग्न चावीशीच लागलंय, असं आई म्हणायची. कुठे नळ ठिबकताना दिसला की भर पंगतीतून उठून आवळून येणार! थेंबे थेंबे तळे साचे, हे त्यांच्या तोंडून इतकं ऐकलं की त्या म्हणीचाच राग यायचा.

देवनागरी वाचणारे आमच्या गल्लीत ते एकटेच. आम्ही घरात मराठी बोलतो, लिहितो तमिळ. दोन वर्षांपूर्वी मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी ताटात तांदूळ पसरून मला बोटानं अक्षरं गिरवायला लावली. आकडेसुद्धा. नव्या नवरीनं बांगड्या वाजवाव्यात तशी मी ते मिरवायचे. गॅस संपल्याची तारीखही कॅलेंडरवर देवनागरीत.

या वर्षी वरच्या धरणातून पाणी सुटलंच नाही. शहराच्या बोअरवेल आटत गेल्या आणि आमची टाकी भरायला चार-चार दिवस लागू लागले. सखल गल्ली पाणी आधी ओढून घेते, म्हणून तिचा व्हॉल्व्ह एकच फेरा उघडायचा, तर उंचावरच्या घरांना पाणी चढतं. मामांनी बसवलेली रीत ही. त्या एका फेऱ्यावर अख्खी वस्ती तगून होती.

त्या सकाळी मामा तापानं फणफणले होते. मुरुगेसन महिन्याभरापूर्वीच ओरत्तनाडूहून मामांच्या हाताखाली बदलून आलेला. तो चावी आणि चिठ्ठी न्यायला दारात उभा; नव्या माणसाला फेरे लिहूनच द्यायचे, ही खात्याची रीत. मामा आत पडल्यापडल्या पुटपुटले, "हात कापतो माझा. तूंच लिव्हून दे ग त्याला. सखल गल्ली, एक सुत्तु मात्र. जास्ती नको." सुत्तु म्हणजे फेरा. मी गल्लीचं नाव तमिळमध्ये लिहिलं आणि पुढे झोकात देवनागरी १ काढला.

देवनागरीतला एक इंग्रजी नवासारखा दिसतो. हे मी, गणिताची बाई, विसरले.

मुरुगेसननं नऊ फेरे उघडले. कुणाकडे लग्न असेल, असं त्याला वाटलं. तो पुढच्या व्हॉल्व्हकडे गेला आणि तो परत येईपर्यंत टाकी सखल गल्लीच्या गटारातून वाहून गेली होती. बातमी कळली तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मामा उठले, सायकलला दोन कुडम, म्हणजे प्लॅस्टिकच्या घागरी, बांधल्या आणि आमच्या विहिरीच्या तळाचं पाणी खरवडून उंचावरच्या घरांना पोचवू लागले. अंगात ताप, वर ते ऊन. "काय ओ गोविंदराव, आमचं पाणी विकलांत कीं काय?" उंचावरच्या घरातल्या कमळाअत्या भर रस्त्यात ओरडल्या. "चुकलं माझं," म्हणत मामांनी त्यांची घागर आधी भरली.

दुसऱ्या दिवशी खात्याचे इंजिनियर घरी आले. चिठ्ठी कुणी लिहिली? "मी," मामा म्हणाले. मी शेजारीच होते, हातात कॉफीचा पेला. तो इंजिनियरांपुढे ठेवला आणि आत गेले. नंतर त्यांच्या पायाशी बसून रडले तेव्हा म्हणाले, "रडतीस कशाला? तूं लिव्हलीस तें बरोबर. त्यानं वाचलं तेंही बरोबर. पाणी मात्र गेलं."

पाचव्या दिवशी टाकी भरली. नळ आल्याचा गल्लीत गलका झाला, आणि मामा विहिरीच्या काठाशी बसले ते उठलेच नाहीत. अंगातलं पाणी संपलं होतं, डॉक्टर म्हणाले. मग आईला आठवलं, त्यांचा प्यायचा तांब्या रोज रिकामा दिसायचा. तो ते घागरीत ओतत होते… मला त्यांचा भयंकर राग येतो. माझा त्याहून जास्त.

तेराव्यानंतर मुरुगेसननं ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. माझ्या अक्षराखाली मामांची सही होती, थरथरती, तमिळमध्ये. मी लिहिली तेव्हा ती नव्हती. "इंजिनियर यायच्या आधी अय्यांनी केली. तुझी नोकरी राहील, म्हणाले मला. आणि टीचरचं नाव कुठे घ्यायचं नाही."

चावी अजून दारामागेच असते. मुरुगेसन रोज येतो, विचारतो, "किती, टीचर?" मी एक बोट वर करते. लिहून देत नाही. गल्लीत अजूनही मामांनाच बोल लावतात, आणि मी ऐकून घेते. ती चिठ्ठी मी लिहिली होती. हे मी इथे, देवनागरीत कबूल करते आहे. कारण आमच्या गल्लीत हे वाचू शकणारा एकच माणूस होता.