अकरा वाजता तुटणारी लाइन

मी रागीट माणूस नाही. हे वाक्य मी त्या मे महिन्यात बायकोला, साडूला, टेलिफोनच्या लाइनमनला आणि एका लॅपटॉपला ओरडून ओरडून सांगितलं. एकालाही पटलं नाही!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा मोठा भाऊ सुरेश नुकताच मस्कतला नोकरीला गेला होता. जाताना आमच्या मायला सांगून गेला, "माय, कम्प्युटरवर पत्र टाकत जाईन. त्याच दिवशी पोचतं." (माय सोनगीरची. जळगावात चाळीस वर्षं काढली, पण बोलणं सोनगीरचंच, ठसठशीत अहिराणी ठेवलं.) पहिलं पत्र आलं. दुसरं आलं, त्यात लिहिलं होतं, "जरा ताप आहे, डॉक्टरकडे जातोय, उद्या कळवतो." आणि त्याचा तो उद्या काही उजाडेना! (त्याच्या तिकडच्या फोनचा नंबर अजून आमच्याकडे नव्हता.)

कारण त्याच आठवड्यात मी घरात सुधारणा केली होती.

लॅपटॉप धुळ्याच्या साडूंनी, म्हणजे दिलीपभाऊंनी, जुना मिळवून दिला होता. दोन्ही हातांनी उचलावा लागे. दिलीपभाऊ तिकडे एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळायचे. त्यांनी त्यात लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर घातलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "मास्तर, हे कधी बंद पडत नाही. फक्त मशीन गार ठेवा." आता फोन पुढच्या खोलीत आणि कूलर मागच्या खोलीत. जळगावच्या मे महिन्यात कूलरशिवाय लॅपटॉप काय, विज्ञानाचा मास्तरसुद्धा चालत नाही! म्हणून मी फोनची तार मधल्या अंगणातून मागच्या खोलीत नेली. भिंतींत समोरासमोर दोन आयते खिळे होते. त्यांवर कसलीशी जुनाट दोरी होती, ती काढून फेकली आणि तार ताणून बांधली. मध्येच तार कमी पडली, म्हणून एक तुकडा जोडला. जोडावर लावायला इन्सुलेशन टेप नव्हती, तेव्हा औषधाच्या डब्यातलं बँडेज गुंडाळलं. (जखमेला चालतं, तारेला न चालायला काय झालं?)

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी आरोळी ठोकली, "माय, लावतो गं!"

"थांब, मी न्हाई येस!"

देवाचं आणि पोराचं पारोशा अंगानं घ्यायचं नाही, हा मायचा नियम. शिवाय नळाला पाणीच साडेदहाला यायचं. ती न्हायला गेली. मी लॅपटॉपला नंबर फिरवायला लावला. लॅपटॉपला फोनशी जोडणाऱ्या मॉडेमनं नेहमीप्रमाणे किंचाळून घेतलं, लाइन जुळली, पत्रं उतरायला लागली आणि तुटली! पुन्हा लावली, पुन्हा तुटली. तेवढ्यात माय धुतलेलं लुगडं नेसून आली आणि समोर पाटावर हात जोडून बसली.

"उनी का मोठानी चिठ्ठी?"

"लाइन तुटली!"

"कोनी तोडी?"

"ड्रायव्हरनं!" मी ओरडलो. लॅपटॉपच्या आत मॉडेमला हाकणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, हे मी तिला समजावून सांगितलं. म्हणजे तेही ओरडूनच.

मग मी त्या ड्रायव्हरच्या मागे लागलो. त्याच्या सेटिंग्ज बदलल्या, तो काढला, दुसरा घातला, दुसरा पहिल्याहून नालायक निघाला. दुपारपर्यंत अशी अवस्था, की मॉडेम फोन उचलून धरायचा आणि सोडायचाच नाही. मध्यरात्रीपर्यंत खपून सगळं जाग्यावर आणायचं, तोवर माय झोपलेली, म्हणून दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा लावायचं. लाइन जुळायची. पत्रं उतरायला लागायची. आणि बरोबर त्याच क्षणी तुटायची!

घरच्या फोनला मॉडेम चिकटलेला, म्हणून मी उन्हातान्हात कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन धुळ्याला फोन लावला.

"दिलीपभाऊ, तुमचं लिनक्स तुटतंय!"

"लिनक्स तुटत नाही मास्तर. तुम्ही कशाला हात लावला?"

"कशालाही नाही!"

"मग आधी जसं होतं तसं करा."

"आधी कसं होतं ते कुठे लिहून ठेवलंय मी?"

"म्हणजे हात लावला!"

मी फोन आपटला. बूथवाल्यानं आधी फोनकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी त्यालाही सांगितलं, की मी रागीट माणूस नाही.

लाइनमन आला तो दुपारी दोन वाजता. मॉडेमची तार काढून त्यानं रिसीव्हर कानाला लावला, डोळे मिटले, जणू भजन ऐकतोय. "डायलटोन तर झकास आहे सर!"

"आत्ता झकास आहे! अकरा वाजता का नसते?"

"अकरा वाजता आम्ही चहाला असतो," तो म्हणाला आणि गेला.

बायको शांतपणे म्हणाली, "स्टेशनजवळ नेट कॅफे उघडलाय. एकदा तिथं जाऊन बघून या ना."

"घरात लॅपटॉप असताना? विज्ञानाचा मास्तर कॅफेत बसलेला बघून लोक काय म्हणतील?"

"लोकांचं जाऊ द्या. सासूबाई कालपासून काही म्हणत नाहीयेत, त्याचं बघा."

ते खरं होतं. माय आता चिठ्ठी आली का, विचारत नव्हती. न्हाऊन यायची, पाटावर बसायची, माझं ओरडणं संपलं की उठून जायची. ताटातली भाकरी अर्धीच खायची. मला तिची काळजी वाटत होती, आणि माझी काळजी रागातूनच बाहेर पडते, त्याला मी काय करू! त्या दिवशी मी साडूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. (बायकोनं आठवण करून दिली, की त्यातल्या शेवटच्या पिढीत तिच्या बहिणीची मुलं येतात.)

नवव्या दिवशी अकराला लाइन तुटली आणि माझा संयमही तुटला. लॅपटॉप आपटायला उचलला, पण तो डोक्यापर्यंत जाईना. "मग ही तारच उपटतो!" म्हणून मी ताडताड अंगणात निघालो आणि दारातून बाहेर पडताक्षणी फाडकन कुणीतरी माझ्या थोबाडीत मारली. ओली, थंडगार थोबाडीत!

मायचं नऊवारी लुगडं होतं. माझ्या तारेवर, न पिळल्यासारखं, या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत पसरलेलं. पाणी ठिबकत होतं ते नेमकं बँडेजवर.

"माय! हे इथं काय?"

"लुगडं शे. दिखत नही का?"

"पण फोनच्या तारेवर?"

माय नऊ दिवस माझी आरडाओरड ऐकत होती. आता कंबरेवर हात ठेवून तिनं सगळं एकदम काढलं. "दोरी तूनीज काढी ना? मंग लुगडं कोठे वाळत टाकू, तुना डोकावर?"

रोज अकराला मी आरोळी ठोकायचो. रोज ती पोराच्या चिठ्ठीसाठी न्हायची. रोज ते लुगडं तारेवर जायचं, बँडेज भिजायचं, लाइन तुटायची. आणि जळगावचं ऊन असलं, की अर्ध्या तासात लुगडं आणि बँडेज दोन्ही खडखडीत! तेव्हा लाइन बरी व्हायची. पण तोवर मी लॅपटॉप आजारी पाडलेला असायचा. पाण्यातून वीज वाहते, हे मी आठवीच्या पोरांना दरवर्षी शिकवतो. न येणाऱ्याला बाकावर उभं करतो!

मी लुगडं काढलं, जोड पुसला. बायकोनं आत बटण दाबलं. पत्रं उतरली, एक नाही, अकरा! मी मोठ्यांदा वाचलं, "माय, ताप उतरला. बरा आहे. कामावर जातोय." मायनं डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच माझ्या डोक्यातला राग पार उतरला.

मग पुढची पत्रं वाचली. "उत्तर का नाही?" "घरी फोन करतोय, एंगेज लागतो." "आज दिवसभर एंगेज." "माय बरी आहे ना? खरं सांगा. फोनवर एवढं कोण बोलतंय?"

माय माझ्याकडे बघत राहिली. बायको साडूंच्या दिशेनं, म्हणजे धुळ्याकडे, बघत राहिली. मी निमूटपणे मॉडेमची तार काढली. तासाभरात फोन वाजला.

"जेवना का रे?" मायनं आधी ते विचारलं. मग बराच वेळ नुसतं ऐकलं आणि म्हणाली, "दुसरं कोन ऱ्हाई? तुना भाऊ! तुनी चिठ्ठी काबर येत नही ते देखाले फोन धरी बठेल व्हता."

मस्कतमधलं हसणं मला दोन हातांवरून ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी मी बाजारातून नवी कोरी नायलॉनची दोरी आणली आणि स्वतःच्या हातांनी बांधली. ताणून बघितली. बायकोला दाखवली. दुसऱ्या दिवशी माय न्हाली, लुगडं घेऊन अंगणात गेली आणि अकराच्या ठोक्याला धप्प असा आवाज आला. दोरी सुटली होती, लुगडं मातीत पडलं होतं.

मी हातोडी घेऊन धावलो. मायनं हात आडवा केला.

"तू हात नको लावू भाऊ," ती म्हणाली. "धुयाले फोन कर. साडूले बलाव."