ऑपरेशन टेबलावरची औटकी

चिकपेटच्या कापडबाजारात पडद्यांचं कापड घेताना बाबांना ‘मीटर’ हा साधा शब्द आठवेना. उजवा हातही लुळा पडला. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं आणि उगाच गवगवा करू नकोस, म्हणून ते मलाच रागावले. तपासणीत कळलं की मेंदूकडे जाणारी मानेतली डावी शीर आतून चरबीने जवळजवळ बुजली होती. पुढच्या झटक्यात त्यांची वाचा कायमची गेली असती.

मांडीतून तार नेऊन शिरेत स्टेंटची जाळी बसवायची, किंवा मान उघडून आतला थर काढायचा. मला अर्थातच जाळी हवी होती. पण सर्जन म्हणाले, एकच उपाय सगळ्यांना चालत नाही. बाबांच्या शिरा वेड्यावाकड्या, थर ठिसूळ. तार नेताना कण सुटून मेंदूत जायची भीती जास्त. धोका ऑपरेशनलाही होताच. बाबा विमान कारखान्यातले निवृत्त तपासनीस. त्यांनी कागदावर शीर काढून सर्जनना भंडावून सोडलं आणि शेवटी कन्नडमध्ये ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणत ऑपरेशनसाठी सही केली. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

फक्त मान बधिर करणार होते. शीर चिमट्याने बंद केल्यावर मेंदूला रक्त पुरतंय का, हे जाग्या बाबांच्या बोलण्यावरून कळणार होतं. पुढचं मला भूलतज्ज्ञ बाईंनी बाहेर येऊन सांगितलं. त्या बेळगावकडच्या, त्यामुळे त्यांना मराठी येत होतं. सतत बोलत राहा म्हटल्यावर बाबांनी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, सुरू केला. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. मग साडेसतराऐवजी अठरा म्हणाले आणि एकदम गप्प झाले. रक्त वळवायची नळी सर्जनच्या हातात आलीसुद्धा होती. तेवढ्यात बाबा म्हणाले, “चुकलो. पुन्हा पहिल्यापासून.”

चुकलं तर मधूनच सुधारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यापायी लहानपणी मी किती रडले होते. इथे मान उघडी, एक वाट बंद, आणि तरी त्या मेंदूला स्वतःची चूक कळत होती, नियमही आठवत होता.

संध्याकाळी आयसीयूत ते डोळे मिटून पडले होते. आता बोलतील ना, या धास्तीने मला काही सुचेना. वाकून त्यांच्या कानाशी औटकी म्हणू लागले आणि सातव्या घराला चुकले.

“पहिल्यापासून,” बाबा म्हणाले. आवाज घोगरा होता, शब्द स्वच्छ.

वयाच्या पन्नाशीत मी रडत रडत पुन्हा साडेतीनपासून सुरुवात केली.