मुंबईचा फासा

फासा बामाच्या रिकाम्या डबीत असायचा. ती डबी कानापाशी नेऊन ताई खुळखुळवायच्या, "बोल रे बाबा, खरं बोल," असं फाशाला बजावायच्या आणि टेबलावर उपडी करायच्या. मग चष्मा कपाळावर ढकलून पडलेला आकडा टेलिप्रिंटरवर बडवायच्या. समोर खेळायला कोणीही नाही. समोर भिंत, आणि भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी हे पाहून मी हबकलो. पन्नाशीकडे झुकलेली, इस्त्रीच्या सुती साडीतली, जिच्यासमोर ट्रक ड्रायव्हरसुद्धा विडी विझवून उभे राहत अशी बाई भर ऑफिसात सापशिडी खेळते, तीही एका यंत्राबरोबर! मला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. तेवढ्यात यंत्राची घंटा वाजली, कागद आपोआप वर सरकला आणि त्यावर छापलं गेलं : "मुंबई, मुकाट्याने खाली या. साप आहे तिथे."

आज घराघरांत मुलं न पाहिलेल्या माणसांशी फोनवर खेळतात, भांडतात, रुसतात, आणि आईबाप कपाळावर हात मारून घेतात. मला त्याचं काही नवल वाटत नाही. मी हे सगळं तेव्हाच अंधेरीत पाहून बसलोय.

आमची ट्रान्सपोर्ट कंपनी मरोळच्या बाजूला होती. मी बिल्टी क्लार्क, म्हणजे कुठल्या ट्रकात कुणाचा माल चढला याचे कागद करणारा. माझ्या टेबलाला लागून ताईंचं यंत्र. मुंबई, नाशिक, कोल्हापूर आणि सोलापूर या चार ऑफिसांना मिळून एकच लाइन होती. एकाने काही टाइप केलं की चारही ठिकाणी तेच छापलं जायचं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. लाइनीवर माणसांना नावं नव्हती, ती आपापल्या गावाच्या नावाने ओळखली जायची. ताई म्हणजे मुंबई.

ट्रकांचे निरोप दिवसभर येत नसत. मधल्या रिकाम्या वेळात चौघे सापशिडी खेळत. पट ज्याच्या त्याच्याकडे, फासाही ज्याचा त्याच्याकडे. आपण टाकायचा, आपणच आकडा कळवायचा, आणि बाकीच्यांनी आपापल्या पटावर तुमची सोंगटी हलवायची. मी हे ऐकलं तेव्हा हसायलाच लागलो. "म्हणजे कुणीही काहीही सांगू शकतं की!"

ताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की हसू घशातच राहिलं. "सांगू शकतं. पण खोटंच खेळायचं तर एकटं बसून खेळावं ना! चौघांना कशाला त्रास?"

सुरुवातीला प्रत्येकाने आपापल्या गावच्या बाजारातून पट आणला होता. कितीतरी दिवस खेळ झाल्यावर उघड झालं की सोलापूरच्या पटावर एक शिडी भलत्याच जागी आहे, आणि ते गृहस्थ बाकी कुणाकडेही नसलेल्या शिडीवरून रोज वर जातायत. मग काय विचारता! कोल्हापूरने त्यांना लबाड म्हटलं, सोलापूरने कोल्हापूरच्या पटाची लाज काढली, आणि नेमका तेव्हाच एका ट्रकचा निरोप अडकल्यामुळे साहेबांनी सगळ्यांची एकदम हजेरी घेतली. शेवटी ताईंनी अंधेरीच्या बाजारातून चार सारखे पट घेतले आणि तीन पट ड्रायव्हरांबरोबर तीन गावांना पाठवून दिले.

कोल्हापूर रागीट. साप चावला की त्यांची लाइन नेमकी बिघडायची, आणि राग उतरला की आपोआप दुरुस्त व्हायची. सोलापूर फासा टाकून चहाला जायचे. नाशिक मात्र ताईंचे लाडके. त्यांचा टाइप करण्याचा ठेका त्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. "नाशिकचा हात कसा सरळ चालतो बघ. हा माणूस खोटं बोलणार नाही," त्या म्हणायच्या. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं त्यांच्यापैकी कुणाला वाटत असल्याचंही मला जाणवलं नाही.

ताई राहायच्या वाकोल्याला, एका खोलीत. घरवाले गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, आणि ते चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन म्हणून लागले. उशिरा झालेली एकुलती एक मुलगी त्या ओढाताणीत मालवणकडे, सासूजवळ ठेवली होती. ती तिथल्याच शाळेत जायची. ताई दिवसभर मशीनवर ठणठणीत बोलायच्या, पण मुलीचा विषय निघाला की टेबल पुसायला घ्यायच्या.

त्या वर्षी गणपतीच्या आधी साहेब म्हणाले, "सुटीत चारांपैकी एक मशीन चालू राहिलं पाहिजे. रस्त्यातल्या ड्रायव्हरांचे फोन घ्यायला माणूस हवा. कोण थांबणार, तुमचं तुम्ही ठरवा."

ठरवायचं कसं? अर्थातच सापशिडीवर. शंभरला जो शेवटपर्यंत पोहोचणार नाही, त्याने थांबायचं.

दुपारी खेळ सुरू झाला. कोल्हापूर सुटले, मागोमाग सोलापूर सुटले. उरले मुंबई आणि नाशिक. नाशिक नव्व्याण्णववर, ताई शहाण्णववर. आमच्या नियमाप्रमाणे बरोब्बर आकडा पडायला हवा, म्हणजे ताईंना चार हवे होते. सत्त्याण्णववर साप.

डबी उपडी झाली. मी मान लांब करून पाहिलं. एक.

मी "अरेरे" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. कारण ताईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि शांतपणे टाइप केलं : "चार."

खोटं सांगत नाही, माझ्या हातातून बिल्टीचं पुस्तक पडलं. चहावाल्याने एक कप कमी लावला तर त्याला परत बोलावून चुकता करणारी ही बाई! कागदावर नाशिकचे शब्द उमटले : "अभिनंदन, मुंबई. मी थांबतो." एवढंच. ना शंका, ना कुरकुर.

"ताई," मी कसंबसं म्हटलं, "एक पडला होता."

"माहीत आहे."

"पण... कुणी पाहिलं नसलं तरी..."

"देवाक दिसता," त्या मालवणीवर आल्या. आवाज अगदी खाली होता. "मी घरच्या गणपतीकडेच चाललंय. तेका तोंडार सांगतलंय." आणि त्यांनी टेबल पुसायला घेतलं.

मी घरी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, पोर दूर ठेवलेल्या बाईला तू शिकवू नकोस. पण माझ्या मनाला ते काही केल्या पटत नव्हतं. चोरी चोरीच, नाही का?

गणपतीहून ताई परत आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. मी विचारलं, "मुलगी खूश झाली असेल?"

"अर्धा दिवस जवळच आली नाही रे. सासूच्या पदराआडून बघत होती. आणि मग मला म्हणाली, 'तुम्ही चहा घेतलात?'" त्यांनी टेबल पुसायला घेतलं. "तुम्ही. मला."

तुमच्या लक्षात आलं ना? कोकणातली पोर आईला 'गो आये' म्हणते, 'तू' म्हणते. 'तुम्ही' पाहुण्याला.

तेवढ्यात घंटा वाजली. नाशिक. "मुंबई, लेक भेटली का?" ताईंनी लिहिलं, "भेटली." उत्तर आलं : "छान झालं. आमच्याकडे मुलगा झाला. बायको माहेरी, शहाद्याला. गणपतीत बघायला जाणार होतो, आता दिवाळीत जाईन. आधी सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम हरला असता, म्हणून बोललो नाही."

ताईंचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी हात मशीनवर ठेवले. काय लिहितायत ते दिसलं आणि मी चक्क ओरडलो, "ताई, नको! कुणाला कळणार नाही!"

"त्या दिवशी एक पडला होता," कागदावर उमटत गेलं. "मी चार सांगितले. मी खोटं खेळले."

आता तीन गावांत तीन माणसं हेच वाचत होती. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरचं "आने दो, आने दो" स्पष्ट ऐकू येत होतं. शेवटी कोल्हापूरने लिहिलं, "यापुढे मुंबई खेळणार नाही." सोलापूरने लिहिलं, "बरोबर आहे." नाशिकने काहीच लिहिलं नाही.

वाळीत टाकलेलं माणूस मी गावाकडच्या गोष्टींत ऐकलं होतं. डोळ्यांदेखत पाहिलं ते इथे. आणि ही शिक्षा किती क्रूर होती बघा. लाइन एकच. बाकीचे तिघे खेळायला लागले की त्यांचा सगळा खेळ ताईंच्या मशीनवर छापला जायचा. नाशिक तीन, कोल्हापूर सहा, सोलापूर एक. मशीन बंद करायची सोय नाही, कारण मधूनच ट्रकचा निरोप यायचा. ताईंनी पट खणात टाकला होता, पण डोळे कागदावरच. कधी नकळत पुटपुटायच्या, "सोलापूर वाचलं बघ सापातून." मला ते बघवायचं नाही. एकदा मी रागाने म्हटलं, "असली कसली माणसं ही! चूक कबूल केली तरी..."

"त्यांचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या. "न दिसणाऱ्या माणसाजवळ असतंच काय रे? त्याचा शब्द. तोच मी घालवला."

दिवाळी गेली, शिमगा गेला, पावसाळा लागला. श्रावणातल्या एका दुपारी घंटा वाजली आणि नाशिकचा तो सरळ ठेका ऐकून ताईंनी मान वर केली. "मुंबई, पट काढा. तुमचा फासा मी टाकीन."

मला संताप आला. "म्हणजे तुम्ही नुसती सोंगटी हलवायची? हा तर अपमान आहे ताई!"

"गप रे," त्या खण उघडत म्हणाल्या. "खेळाक घेतल्यान ना?" डोळे पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

कोल्हापूर आणि सोलापूरनेही हरकत घेतली नाही, आणि तसाच खेळ चालू झाला. नाशिक स्वतःचा फासा टाकायचे, मग मुंबईचा टाकायचे. जे सांगतील तेवढी घरं ताई सोंगटी सरकवायच्या. सापाच्या तोंडात गेल्या तरी हूं की चूं नाही. एकदा नाशिकने लेकीचं विचारलं. ताईंनी लिहिलं : "ती मला तुम्ही म्हणते." त्यावर खेळ त्या दिवशी पुढे सरकला नाही.

पुन्हा गणपती आले. पुन्हा साहेबांचं तेच, तुमचं तुम्ही ठरवा. पुन्हा खेळ. कोल्हापूर सुटले, सोलापूर सुटले आणि, तुमचा विश्वास बसणार नाही, पुन्हा तेच दोघे उरले. या वेळी ताई पंचाण्णववर होत्या, पाच हवे होते. आणि आता दोन्ही फासे नाशिकच्या हातात! ज्या माणसाला गेल्या वर्षी फसवलं, त्याच्याच मुठीत ताईंची सुटी. मी मनात म्हटलं, संपलं. याने दहा वेळा सूड घेतला तरी आपण काय म्हणणार?

छापलं गेलं : "मुंबई पाच."

ताई जागच्या जागी थिजल्या. सोंगटीला हातच लावेनात. मग घाईघाईने टाइप केलं, "पुन्हा टाका."

"पडलं ते पडलं."

"खरं सांगा."

मग एकेक शब्द उमटला : "मुंबई, तुम्ही सांगितलेला आकडा मी मानला होता. आता मी सांगितलेला तुम्ही माना."

ताईंनी पदर तोंडावर घेतला आणि हमसून हमसून रडल्या. एवढी खमकी बाई अशी रडताना पाहून आमचा यार्डातला मुकादम दारातूनच मागे फिरला. पुढच्या दिवशी त्या वाकोल्याहून एसटीने गावी गेल्या.

त्या परत आल्या नाहीत. सुटी संपून आठवडा होत आला तेव्हा त्यांचे घरवाले ऑफिसात आले आणि उभ्याउभ्याच साहेबांना म्हणाले, "ती नाय येवची आता. थंयच काजूच्या कारखान्यात लागली. पोरगी सोडूक तयार नाय." साहेब थक्क, मी थक्क. वर ते माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "पोरगीन निघताना पदर धरल्यान आणि म्हटल्यान, आये, तू जाव नको."

नाशिक रोज सकाळी विचारत होते, मुंबई आली का? उत्तर द्यायला कुणीतरी हवंच होतं. मी ताईंच्या खुर्चीत बसलो आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं : "ताई येणार नाहीत. लेक आता तू म्हणते. तिच्याजवळ राहिल्या."

मग तो ठेका सुरू झाला.

"फार बरं झालं. आता सांगतो. त्या दिवशी पाच पडले नव्हते. दोन पडले होते."

दोन म्हणजे सत्त्याण्णव, म्हणजे साप. या माणसाची सुटी सलग दुसऱ्या वर्षी गेली होती, या वेळी तर त्याने ती स्वतःहून सोडली होती, आणि आता तिघांच्या समोर, उघड्या लाइनीवर, आपण होऊन सांगत होता की मी खोटं खेळलो. या गुन्ह्याला शिक्षा काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि कोल्हापूर हे वाचत असणार.

घंटा वाजली. कोल्हापूर.

"नाशिक, आमच्या कागदावर पाचच छापलंय."

आणि लगेच त्याच्याखाली सोलापूर : "इथेही पाचच."